प्रकाश प्रदूषण आणि रात्रीच्या आकाशाचे संवर्धन : पेंचच्या संदर्भात

प्रस्तावना :
जल, वायू व ध्वनी यांच्या प्रदूषणाची चर्चा भारतात पुष्कळ झाली आहे. प्रकाशाचेही प्रदूषण होते, ही जाणीव मात्र अद्याप रुजलेली नाही. प्रकाश हे प्रगतीचे, तर अंधार हे अज्ञानाचे प्रतीक मानले गेल्याने असे होणे स्वाभाविक होय. अनावश्यक, चुकीच्या दिशेने किंवा गरजेपेक्षा अधिक तीव्रतेने वापरलेल्या कृत्रिम प्रकाशामुळे रात्रीच्या नैसर्गिक अंधारात जो व्यत्यय येतो, त्यास प्रकाश प्रदूषण असे म्हणतात.

स्वरूप व कारणे :
आकाशाकडे फेकला गेलेला प्रकाश हवेतील रेणू व धूलिकणांमुळे विखुरतो आणि शहरावर धूसर उजेडाचे छत तयार होते. कमी तरंगलांबीचा निळा प्रकाश अधिक विखुरतो. पांढऱ्या एलईडी दिव्यांत हा निळा घटक जुन्या सोडियम दिव्यांपेक्षा अधिक असतो. शिवाय वीज कमी लागते म्हणून दिव्यांची संख्या व तीव्रता वाढविली जाते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक नकाशासंग्रहानुसार जगातील एक-तृतीयांशाहून अधिक लोकांना आकाशगंगा दिसत नाही. २०११ ते २०२२ या काळातील नुसत्या डोळ्यांनी केलेल्या निरीक्षणांवर आधारित एक अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ही निरीक्षणे प्रामुख्याने युरोप व उत्तर अमेरिकेतील होती. त्यानुसार आकाशाची उजळणी दरवर्षी सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढत होती. या वेगाने, जन्माच्या वेळी जेथे २५० तारे दिसत, तेथे त्या बालकास अठराव्या वर्षी जेमतेम १०० दिसतील.

परिणाम :
हानी केवळ खगोलशास्त्राची होत नाही. रात्रीच्या उजेडामुळे मानवी शरीरातील मेलाटोनिन या संप्रेरकाची निर्मिती मंदावते. काजव्यांचे परस्परांना दिले जाणारे संकेत क्षीण ठरतात. वेळाससारख्या कोकण किनाऱ्यावर जन्मणारी ऑलिव्ह रिडले कासवाची पिले उजळ क्षितिजाच्या दिशेने समुद्राकडे जातात. किनाऱ्यालगतचे दिवे अशा पिलांना उलट दिशेस नेऊ शकतात.

कायद्याची मर्यादा :
पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ मध्ये प्रदूषक म्हणजे घन, द्रव अथवा वायुरूप पदार्थ होय. प्रकाश त्यात बसत नाही. वायू प्रदूषणविषयक अधिनियमात १९८७ च्या दुरुस्तीने ध्वनीचा समावेश झाला; प्रकाशाच्या बाबतीत तसे पाऊल उचलले गेलेले नाही.

पेंचचा अनुभव :
लडाख प्रशासनाने डिसेंबर २०२२ मध्ये हानले येथील वेधशाळेभोवतीचा प्रदेश राखीव अंधार-क्षेत्र म्हणून अधिसूचित केला. मात्र हानले हे विरळ वस्तीचे शीत वाळवंट आहे. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाचे उदाहरण म्हणूनच अधिक बोधप्रद ठरते. जानेवारी २०२४ मध्ये डार्कस्काय इंटरनॅशनल या संस्थेने त्यास भारतातील पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता दिली. त्यासाठी सिल्लारी, वाघोली, पिपरिया व खापा या परिसरातील शंभरहून अधिक दिवे बदलून प्रकाश जमिनीकडे वळविण्यात आला. गावकऱ्यांना अंधारात बसविण्यात आले नाही. रस्त्यावर उजेड राहिला, केवळ आकाशात जाणारा प्रकाश रोखला गेला.

समारोप :
नदीत मिसळलेले रसायन कारखाना बंद झाल्यावरही उरते. दिवा झाकताच मात्र त्याचे प्रदूषण तत्क्षणी संपते. वरून झाकलेले दिवे, ३००० केल्विन वा त्याहून कमी रंगतापमानाचा पिवळसर प्रकाश आणि मध्यरात्रीनंतर अनावश्यक दिवे बंद ठेवणे, एवढे उपाय पुष्कळ परिणाम साधतात. यास नवे तंत्रज्ञान लागत नाही, लोकमताची मागणी लागते. आणि खरी अडचण तेथेच आहे. ज्या विद्यार्थ्याने आकाशगंगा कधी पाहिलीच नाही, त्यास ती हरपल्याचे दुःख होणार नाही आणि तो तिच्या रक्षणाची मागणीही करणार नाही. म्हणून महाविद्यालयांनी आपल्या आवारातील झोतदिव्यांची दिशा तपासणे आणि विद्यार्थ्यांना वर्षातून एकदा तरी अंधाऱ्या आकाशाखाली नेणे, ही या संवर्धनाची पहिली पायरी होय.