निरोप सुटतो, पण पोचत नाही

शाळेत दरवर्षी उंची मोजतात, पण मागच्या वर्षीचा आकडा काढून वजाबाकी कोण करतो? नुसत्या उंचीपेक्षा वाढीचा वेग अधिक बोलका असतो. साधारण पाचव्या वर्षापासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला ५ ते ६ सेंमी वाढते.

या वाढीसाठी लागणारे वृद्धी संप्रेरक मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीत तयार होते. मात्र ग्रंथी ते आपल्या मर्जीने सोडत नाही. तिच्या वरच्या बाजूचा अधश्चेतक तिला दोन रासायनिक निरोप धाडतो : एक ‘सोड’, दुसरा ‘थांब’. म्हणून हे संप्रेरक लाटालाटांनी येते. मोठी लाट गाढ झोपेत. त्याच्या प्रभावाने यकृतात आयजीएफ-१ हे दुसरे द्रव्य बनते. हाडांच्या टोकांजवळील कूर्चेवर दोघांचेही काम चालते व हाड लांबते. रक्तात आयजीएफ-१ वाढले, की तेच अधश्चेतकाला व पीयूषिकेला आवर घालते. इस्त्री तापली की थर्मोस्टॅट वीज तोडतो, तसेच हे.

यातला एकच दुवा तुटला तर? मुंबईच्या डॉ. मीना देसाई व त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम भारतातील अशा मुलांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध केला. ‘सोड’ हा निरोप झेलणाऱ्या प्रथिनाच्या जनुकात एक अक्षर बदललेले. त्यामुळे ७२व्या अमिनो आम्लाच्या जागीच प्रथिनाची जुळणी थांबते. निरोप सुटतो, पण पीयूषिकेला तो ऐकूच येत नाही. अशी मुले प्रमाणबद्ध आणि बुद्धीने इतरांसारखीच, पण फार ठेंगणी राहतात. सिंधमध्ये १९९०च्या दशकात हाच दोष आढळला होता. तेथील प्रौढ पुरुषांची सरासरी उंची सुमारे १३० सेंमी होती. सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडून आले तरच हे घडते. आपल्या मराठवाड्यात मामाच्या मुलीशी लग्नाची चाल आहे. तेथे हा योग जुळण्याची शक्यता वाढते.

पुढचे दुवे शाबूत असल्याने वृद्धी संप्रेरकाची इंजेक्शने येथे उपयोगी पडतात. (तोंडाने घेतल्यास हे प्रथिन पोटात पचून जाते, उंची वाढवणाऱ्या भुकट्यांच्या जाहिराती वाचताना हे आठवावे!) पण वयात आल्यानंतर काही वर्षांत कूर्चेचे हाड होते आणि मग इंजेक्शनाचा उंचीसाठी उपयोग नाही. बुटके प्रत्येक मूल काही आजारी नसते. बहुतेकांची चण घराण्याची असते, काहींना पोषण अपुरे पडते. तरीही वजाबाकी वर्षाला ४ सेंमीपेक्षा कमी आली, तर शिक्षकांनी पालकांना बालरोगतज्ज्ञाकडे धाडावे. कूर्चा किती शिल्लक आहे, याचा अंदाज डाव्या हाताच्या एका साध्या एक्स-रेवरून येतो.