चिलखताचा सांधा

उर्दूत ज्याला 'जिरह-बख्तर' म्हणतात, त्याला मराठीत 'चिलखत' असे म्हणतात. पूर्वी लढाईला जाताना सैनिक ते अंगात घालत. आज यंत्रमानवही चिलखत घालून लढतात! मुंबईत पवई येथील आय.आय.टी.चे विद्यार्थी १९९८ पासून 'टेकफेस्ट' हा विज्ञान-तंत्रज्ञानाचा महोत्सव भरवतात. त्यात यंत्रमानवांच्या झुंजीही होतात. बंदिस्त आखाड्यात ही यंत्रे एकमेकांवर घाव घालतात. काहींना तर गरगर फिरणारी पोलादी पाती असतात.

झुंजीत यंत्राच्या वजनाला मर्यादा असते. म्हणून लहान यंत्रमानवाचे चिलखत पुष्कळदा प्लॅस्टिकच्या फळ्यांचे करतात. १० सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि १ सेंटिमीटर जाड असा पोलादाचा तुकडा सुमारे ७८५ ग्रॅम भरतो. त्याच मापाचा पॉलिथिलीन या प्लॅस्टिकचा तुकडा सुमारे ९५ ग्रॅम भरतो. शिवाय पॉलिथिलीन चिवट असते. घाव बसला की ते थोडे वाकते आणि पुन्हा सरळ होते.

मग असे चिलखत तुटते कुठे? बहुधा सांध्यात. फळी शाबूत राहते, पण दोन फळ्या जोडलेली जागा उघडते. आतली लिथियमची बॅटरी उघडी पडते. तिला पाते लागले, तर ती पेटू शकते. कित्येक दिवसांची मेहनत क्षणात वाया जाते.

तुम्ही म्हणाल, फळ्या चिकटवून टाकाव्यात. नळाचे पाइप नाही का चिकटवत? पण ते पाइप पीव्हीसीचे असतात. आपल्या रत्नागिरीजवळ फिनोलेक्सच्या कारखान्यात हेच पीव्हीसी तयार होते. पाइप जोडताना लावलेला द्रव पीव्हीसीचा पृष्ठभाग किंचित विरघळवतो. दोन्ही भाग एकमेकांत मिसळतात आणि सुकल्यावर एकजीव होतात. पॉलिथिलीन मात्र या द्रवात विरघळत नाही. त्याचा पृष्ठभाग मेणासारखा असतो, म्हणून साधा गोंदही त्याला धरत नाही.

आता दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंतवून पाहा. हात वर-खाली सरकतात का? नाही. फळ्यांच्या कडांनाही असेच दात आणि खाचा कापतात. घाव दात झेलतात. फळ्या जागेवर धरून ठेवणे, एवढेच बोल्टचे काम उरते.

बोल्ट लावतानाही काळजी घ्यावी लागते. भोक कडेच्या फार जवळ पाडू नये. भोकाच्या व्यासाच्या किमान दुप्पट जागा सोडावी, नाहीतर कड फाटते. बोल्टच्या डोक्याखाली रुंद वायसर घालावा, म्हणजे जोर मोठ्या जागेवर पसरतो. निमुळत्या डोक्याचा स्क्रू टाळावा, कारण तो पाचरीसारखा आत घुसून फळी फोडतो. धक्क्यांनी नट सैल होतो, म्हणून आत नायलॉनची कडी असलेला नट वापरावा. तोही करकचून आवळू नये. प्लॅस्टिक दबले, तर सांधा आपोआप ढिला पडतो.

म्हणून चिलखत तयार झाले की आधी त्याचे सांधे तपासावेत. चांगली फळी बाजारात विकत मिळते. चांगला सांधा मात्र आपल्या हातांनीच करावा लागतो.