नळ व टाक्यांची दाबचाचणी : पाण्याने कोठे, हवेने कोठे?

चंद्रपूर व गडचिरोली हे १९८२ पर्यंत एकच असलेले जिल्हे जंगलव्याप्त आहेत. येथील धान पिकविणाऱ्या पुष्कळ कुटुंबांची चूल अद्यापही सरपणावर अवलंबून आहे. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीड, मूल या तालुक्यांत सरपण, मोहफुले वा तेंदूपाने गोळा करण्यास गेलेल्या माणसांवर वाघाने हल्ला केल्याच्या घटना वारंवार घडतात. ज्या घरी गुरे आहेत, त्या घरी गोबरवायू संयंत्र बांधल्यास जंगलातील या फेऱ्या कमी होतात. परंतु वायू गळतो म्हणून संयंत्र बंद पडले, तर घरची बाई पुन्हा विळा घेऊन जंगलाची वाट धरते. म्हणून बांधकाम पूर्ण होताच संयंत्राची व त्याच्या नळांची चाचणी घेणे अगत्याचे आहे.

शेणापासून वायू मिळविण्याची कल्पना आपल्या राज्यास नवी नाही. मुंबईत माटुंगा येथील कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्यापासून असा वायू तयार करून वापरण्यात आला होता. चाचणी कशी घ्यावी याविषयी मात्र अजूनही गैरसमज आढळतात. ओलिताच्या प्लास्टिक नळांना टायरच्या दुकानातील हवायंत्र जोडून गळती पाहण्याचा मोह काहींना होतो. ही पद्धत प्राणघातक ठरू शकते.

पाणी आणि हवा यांतील भेद

पाणी दाबले तरी त्याचे आकारमान जवळजवळ कमी होत नाही. हवा मात्र दाबली की आकसते आणि ताणलेल्या धनुष्याप्रमाणे शक्ती साठवून ठेवते. एक उदाहरण घेऊ. ९० मिलिमीटर व्यासाच्या व ६ मीटर लांबीच्या तीन नळ्यांत सुमारे १०० लिटर जागा असते. त्यात दर चौरस सेंटिमीटरला ४ किलोग्रॅम दाबाने पाणी भरले, तर पाण्यात साठलेली शक्ती एक क्विंटलचे धानाचे पोते अर्धा सेंटिमीटरदेखील उचलू शकणार नाही. त्याच दाबाने हवा भरली, तर ती शक्ती तेच पोते सुमारे ४० मीटर उंच उचलण्याइतकी होते. पाण्याने भरलेला नळ फुटला की थोडे पाणी उडून दाब तत्काळ उतरतो. हवेने भरलेला नळ फुटला की प्लास्टिकच्या धारदार चिंध्या वेगाने उडतात आणि डोळे किंवा जीवही जाऊ शकतो.

यावरून नियम असा की, मोठ्या दाबाची चाचणी पाण्यानेच घ्यावी. हवेची चाचणी केवळ अल्प दाबाच्या वायुनळासाठी व वायुसंयंत्रासाठी घ्यावी.

ओलिताचा नळ

सांध्यांना चिकटद्रव लावल्यानंतर एक दिवस जाऊ द्यावा. नळाच्या मध्यभागावर माती टाकावी, पण सांधे उघडे ठेवावेत. वळणे व टोके पक्की रोवावीत. पाणी सखल टोकाकडून सावकाश सोडावे आणि उंच टोकाची झडप उघडी ठेवून आतील सर्व हवा बाहेर जाऊ द्यावी. नळात हवा अडकून राहिली तर ती चाचणी पाण्याची राहत नाही, हवेचीच होते. दाब हातपंपाने हळूहळू वाढवावा व नळावर छापलेल्या मर्यादेपलीकडे नेऊ नये. बंद टोकासमोर कोणीही उभे राहू नये. सांधा गळत असल्यास प्रथम दाब पूर्ण उतरवावा, मगच दुरुस्ती करावी. दाबाखाली असलेला सांधा आवळणे किंवा ठोकणे सर्वथा वर्ज्य समजावे.

पाठीवरच्या फवारणी पंपाची टाकीही साध्या पाण्याने भरूनच तपासावी. तिला हवायंत्र कधीही जोडू नये.

गोबरवायूचा नळ

गोबरवायूचा दाब फार अल्प असतो. तरंगत्या टोपीच्या संयंत्रात तो साधारण १० सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका असतो. दर चौरस सेंटिमीटरला १ किलोग्रॅम दाब म्हणजे १० मीटर पाण्याचा स्तंभ, हे ध्यानात घेतल्यास हा दाब त्याच्या केवळ शंभरावा हिस्सा होतो, हे दिसून येईल.

यासाठी लागणारे दाबमापक घरीच करता येते. पारदर्शक प्लास्टिकची नळी फळीवर इंग्रजी यू अक्षरासारखी बसवावी. दोन्ही बाजू सुमारे ६० सेंटिमीटर उंच ठेवून त्यांत निम्म्यापर्यंत रंगीत पाणी भरावे. शेगडीकडील व संयंत्राकडील झडपा बंद करून नळास हे मापक जोडावे. दोन बाजूंच्या पाण्यात ३० सेंटिमीटर फरक पडेपर्यंत तोंडाने हवा फुंकून फुंकण्याची जागा बंद करावी. दाब चुकून फार वाढल्यास पाणी मापकाबाहेर उडते व दाब आपोआप सुटतो. हाच या साधनाचा मोठा गुण होय.

अर्धा तास थांबून फरक पाहावा. चाचणी भल्या सकाळी सावलीत घ्यावी. बंद नळातील हवा एक अंश सेल्सिअसने थंड झाली तरी सुमारे साडेतीन सेंटिमीटर दाब उतरतो आणि गळती नसताना गळतीचा भास होतो. दाब खरोखर उतरत असल्यास प्रत्येक सांध्यास साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे येतील तेथे दोष आहे.

घुमटाचे संयंत्र

घुमटावर मातीचा भराव पूर्ण झाल्यावरच ही चाचणी घ्यावी, कारण आतील दाबास तोच भार आधार देतो. प्रथम वायूची झडप उघडी ठेवून घुमटाच्या पायथ्यापर्यंत पाणी भरावे. विटांचे बांधकाम पाणी शोषून घेईल, म्हणून दोन-तीन दिवस पाण्याची भर घालीत राहावे. पातळी स्थिर झाली म्हणजे टाकी पाणी धरते असे समजावे. नंतर झडप बंद करून आणखी पाणी ओतावे. आत अडकलेली हवा दाबली जाते व निकास टाकीतील पाणी वर चढते. तेथे खूण करून दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पातळी पाहावी. ती ठळकपणे खाली गेली असल्यास घुमटातून किंवा वायूच्या झडपेतून हवा निसटत आहे. पाणी उपसून आतील गिलावा दुरुस्त करावा व चाचणी पुन्हा घ्यावी.

विसरू नये असे

गळती शोधण्यास काडी किंवा दिवा कधीही वापरू नये. गोबरवायूतील मिथेन हवेत ५ ते १५ टक्के मिसळला की ठिणगीने स्फोट होतो. याच कारणाने, नव्या संयंत्रातील हवामिश्रित पहिला वायू न पेटविता उघड्यावर सोडून द्यावा. एकदा शेण घातलेल्या टाकीत दुरुस्तीसाठी कोणीही उतरू नये. आतील वायूने माणूस गुदमरतो आणि त्यास वाचविण्यास उतरणाराही दगावतो.

ग्रामसेवक व कृषी कार्यकर्त्यांनी संयंत्र पूर्ण झाल्याची नोंद करण्यापूर्वी ही चाचणी शेतकऱ्यासमक्ष घ्यावी आणि घरच्या स्त्रियांनाही दाखवावी. शेगडीपाशी रोज बसणाऱ्या बाईस साबणाच्या पाण्याची परीक्षा ठाऊक असली, तर पहिली गळती तिलाच दिसेल आणि संयंत्र बंद पडण्यापूर्वी ती थांबविता येईल.