खाऱ्या पाण्यांतील जीवांचें पूरक अन्न

बुलढाणा जिल्ह्यास समुद्र नाहीं. परंतु खारें पाणी आहे. लोणार येथें अशनिपातानें काळ्या पाषाणांत सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचें जें विवर पडलें, त्याच्या तळाशीं क्षारयुक्त सरोवर आहे. सन १८२३ मध्यें अलेक्झांडर नांवाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानें त्याची नोंद केली. २०२० सालीं त्यास रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. या जिल्ह्यांतील एखाद्या गृहस्थानें घरीं काचेच्या टांक्यांत समुद्रांतील मासे पाळावयाचें मनांत आणलें, तर खारें पाणी दाराशींच आहे, असें त्यास सहज वाटेल. हा समज माशांच्या जिवावर बेतणारा आहे. समुद्राच्या खारेपणांत मुख्य वांटा साध्या मिठाचा असतो. लोणारच्या पाण्यांत मिठाच्या जोडीला धुण्याच्या सोड्याच्या जातीचे क्षार विपुल आहेत. समुद्राच्या पाण्याचा सामू सुमारें ८.२, तर लोणारचा दीर्घकाळ १० च्या आसपास नोंदला गेला आहे. खारें तें सारें सारखें नव्हे.

जी गोष्ट पाण्याची, तीच अन्नाची. मासा खातो आहे, पोट भरलेलें दिसतें आहे, आणि तरीही तो दिवसेंदिवस फिका व मंद होत जाऊन एके सकाळीं मरून पडतो, असा अनुभव समुद्री मासे पाळणाऱ्यांस वारंवार येतो. अशा वेळीं दोष पाण्याचा नसेल, तर तो बहुधा अन्नाच्या परिमाणांत नसून गुणांत असतो. पोट भरणें निराळें आणि पोषण होणें निराळें.

याचें कारण समुद्राच्या अन्नसाखळींत आहे. समुद्रांतील अतिसूक्ष्म वनस्पती कांहीं विशिष्ट स्निग्धाम्लें तयार करतात. त्यांपैकीं डीएचए व ईपीए हीं दोन प्रमुख होत. या वनस्पती सूक्ष्म जीव खातात, सूक्ष्म जीवांस लहान मासे खातात, आणि अशा रीतीनें हीं अम्लें पायरीपायरीनें वर चढतात. नदीतळ्यांतील पुष्कळ मासे साध्या वनस्पतिज तेलांपासून हीं अम्लें थोडीबहुत स्वतः बनवूं शकतात. बहुतेक समुद्री माशांस तें पुरेसें साधत नाहीं. समुद्रांत तीं आयतीं मिळत असल्यानें त्यांस त्याची गरजही पडली नाहीं. मेंदू व डोळे यांच्या घडणीस तीं अवश्य असल्यामुळें, त्यांवांचून पिलें तर फारच लवकर दगावतात.

आतां पाळलेल्या माशांस काय मिळतें तें पाहूं. सर्वांत सोईचें जिवंत अन्न म्हणजे आर्टेमिया नांवाची क्षारसरोवरांतील इवलीशी कोळंबी. तिचीं वाळलेलीं अंडीं वर्षानुवर्षें टिकतात व कोमट खाऱ्या पाण्यांत सुमारें एका दिवसांत फुटतात. परंतु तिच्या अंगीं डीएचए जवळजवळ नसतें. म्हणून तिला देण्यापूर्वीं तिलाच खाऊं घालावें लागतें. अंड्यांतून निघालेलें पिलूं पहिले कांहीं तास कांहींच खात नाहीं. एकदां कात टाकल्यावर तें पाण्यांतील सूक्ष्म कण गिळूं लागतें. त्या वेळीं माशांच्या तेलाचें पाण्यांत फेटलेलें दुधासारखें मिश्रण, किंवा समुद्री सूक्ष्म वनस्पती, त्या पाण्यांत घालावी. बारा ते चोवीस तासांत पिलाचें पोट त्या सत्त्वानें भरतें. मग गाळून, धुऊन, तें लगेच माशांस घालावें. उशीर झाल्यास पिलूं तें सत्त्व स्वतःच खर्चून टाकतें.

दुसरी उणीव जीवनसत्त्वांची. पूर्वीं ताज्या फळांवांचून महिनोगणती प्रवास करणाऱ्या खलाशांच्या हिरड्या सुजत. सन १७४७ मध्यें जेम्स लिंड या वैद्यानें लिंबू-संत्र्यांनीं तो रोग हटतो हें प्रयोगानें दाखविलें. माणसाप्रमाणेंच बहुतेक माशांसही क-जीवनसत्त्व स्वतः तयार करतां येत नाहीं. तें न मिळाल्यास वाढत्या माशाचा कणा वांकडा होतो. शिवाय कांहीं कच्च्या माशांत व शिंपल्यांत ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारें द्रव्य असतें. नित्य तेवढेंच अन्न दिल्यास माशाचा तोल जातो व त्यास झटके येतात. आयोडिनाच्या अभावीं माणसास होणारा गलगंड मत्स्यालयांतील शार्कांसही झालेला आढळला आहे.

पूरक द्रव्य देण्याची रीत महत्त्वाची आहे. गोठविलेली कोळंबी चाळणींत वितळवून तिचें पाणी टाकून द्यावें, तिच्यावर औषधाचे थेंब घालून दहा-पंधरा मिनिटें मुरूं द्यावें, व मग थोडथोडी घालावी. औषध टांक्यांत ओतणें व्यर्थ होय. तें माशापेक्षां जंतूंचेंच अधिक पोषण करतें.

येथें लोणार पुन्हां उपयोगी पडतें. त्या सरोवरांत स्पिरुलिना या नांवानें ओळखलें जाणारें हिरवें-निळें शैवल आढळतें. याच जातीचें, कृत्रिम हौदांत वाढविलेलें शैवल माशांच्या खाद्यांत मिसळतात. वाळविल्यावर त्याच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग प्रथिनांचा असतो, आणि त्यांतील पिंवळ्या-तांबड्या रंगद्रव्यांनीं माशांचा रंग खुलतो. कोळंबी शिजविल्यावर तांबडी दिसते, रोहित पक्षी गुलाबी दिसतो, आणि जून २०२० मध्यें लोणारचें पाणी क्षारप्रिय सूक्ष्म जीवांमुळें गुलाबी झालें, तो सारा याच वर्गांतील द्रव्यांचा प्रताप. मासा हीं द्रव्यें स्वतः बनवूं शकत नाहीं. मात्र या शैवलांत डीएचए नाहीं. शैवलभक्षी माशास तें हितकर. पण तेवढ्यावरच विसंबणें चुकीचें. तें सरोवरांतून काढून आणण्याचा विचारही करूं नये. लोणार हें अभयारण्य आहे.

अतिरेकही तितकाच घातक. अ आणि ड हीं जीवनसत्त्वें शरीरांत सांचत जातात. बाटली उघडी राहिल्यास तेल खवट होऊन अपाय करतें. उरलेलें अन्न कुजून पाणी विषारी बनतें. पूरक अन्न आठवड्यांतून दोन-तीन वेळां पुरे. आणि कोळंबी, मासा, शैवल असें आलटूनपालटून दिलेलें विविध अन्न हेंच मुख्य. प्रवाळ व समुद्रघोडे यांचा मोह मात्र टाळावा. २००१ पासून भारतीय कायद्यानें त्यांस संरक्षण दिलें आहे.

मुडदूस झालेल्या मुलास कॉडमाशाचें तेल देणाऱ्या मातेस हें सारें नवें वाटूं नये. मूल निदान रडून आपली उणीव सांगतें. काचेमागील मुका जीव सांगूं शकत नाहीं. समुद्रापासून शेंकडों किलोमीटर दूर आणल्यावर त्याचा समुद्र होण्याची जबाबदारी पाळणाऱ्याची असते.