अभियांत्रिकी शिक्षणात मानव्यविद्या व मूलभूत विज्ञाने : परसवाडा परिसराच्या संदर्भात

मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्याचा परसवाडा तालुका हा गोंड-बैगा वस्तीचा, डोंगर-जंगलाचा प्रदेश. उत्तरेला मंडला जिल्हा, दक्षिणेला बालाघाटमार्गे गोंदिया आणि पुढे नागपूर. नागपूरच्या सदर भागात 'अंजुमन हामी-ए-इस्लाम' या संस्थेने १९९९ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केले. अशा महाविद्यालयातून बाहेर पडलेला पदवीधर उद्या परसवाड्यासारख्या ठिकाणी पाणीपुरवठ्याच्या कामावर रुजू झाला, तर त्याचे शिक्षण त्याला कितपत पुरेल, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या प्रश्नाचे जवळचे उदाहरण म्हणजे हातपंप. कूपनलिकेवरील टिकाऊ हातपंपाचा विकास मुख्यतः महाराष्ट्रात झाला. जालना आणि सोलापूर येथे मिशनरी व स्वयंसेवी संस्थांच्या कार्यशाळांत तयार झालेल्या पंपांवरून, युनिसेफच्या सहकार्याने, १९७० च्या दशकात 'इंडिया मार्क टू' हा पंप सिद्ध झाला व पुढे तो अनेक देशांत गेला. यंत्र म्हणून तो उत्तम आहे यात शंका नाही. सुटे भाग मिळतात आणि खोलवरचे पाणी वर येते.

पण खोलवरचे पाणी म्हणजे निराळे पाणी. उथळ विहिरीत मुख्यतः पावसाचे मुरलेले पाणी असते. खोल खडकात ते दीर्घकाळ साठून राहते आणि खडकातील फ्लोराइड त्यात विरघळते. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर फ्लोराइडचा बराचसा भाग साक्यासारखा खाली बसतो. कॅल्शियम कमी असेल तर तो पाण्यातच राहतो. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावे, असे भारतीय मानक सांगते. मंडला जिल्ह्यातील तिलईपानी येथे १९९० च्या दशकात मुलांचे गुडघे आत वळून एकमेकांवर आदळू लागले. जबलपूरच्या आदिवासी आरोग्य संशोधन केंद्राने तपास केला तेव्हा कारण सापडले ते खोल हातपंपांच्या पाण्यात, आणि त्याच्या जोडीला आहारातील कॅल्शियमच्या तुटवड्यात.

पंप बसविणाऱ्याने आपले काम चोख केले होते. भोक सरळ होते, पाणी मुबलक होते. खडकाचे रसायन आणि वाढत्या हाडाचे शरीरशास्त्र हे त्याच्या कामाचा भाग मानलेच गेले नव्हते. उपाय मात्र दोन्हींकडून करावा लागला. सुरक्षित पाण्याबरोबर कॅल्शियम, लोह व क जीवनसत्त्व देणारा आहार सुचविला गेला. त्यात तरोट्याची भाजीही होती. (विदर्भात पावसाळ्यात बांधावर उगवणारा हाच तरोटा, गरिबाची भाजी म्हणून तिच्याकडे तुच्छतेने पाहिले जाते.) दूषित पंपाला लाल रंग लावला तरी काम संपत नाही. दुसरे पाणी किती लांब आहे, ते आणायला कोण जाते, त्या विहिरीवर सर्वांना भरू देतात का, हे समाजशास्त्राचे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे मिळाली नाहीत, तर लोक लाल पंपावरच परततात.

हा विचार नवा नाही. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याला अभियांत्रिकी शिकण्यास आले ते १८८१ मध्ये बंगळूरहून बी. ए. होऊन. सर सय्यद अहमद खान यांनी १८६४ मध्ये गाझीपूरला स्थापन केलेल्या सायंटिफिक सोसायटीने विज्ञानाबरोबर इतिहास व अर्थशास्त्राचे ग्रंथही उर्दूत आणले. राधाकृष्णन आयोगाने (१९४८-४९) सामान्य शिक्षणाची शिफारस केली, तर अमेरिकेतील एमआयटीने लुईस समितीच्या १९४९ च्या अहवालानंतर मानव्यविद्यांसाठी स्वतंत्र विद्याशाखाच उघडली.

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात एकूण १६० श्रेयांकांपैकी मूलभूत विज्ञानांना २५ आणि मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रे व व्यवस्थापन यांना मिळून १२ श्रेयांक दिले होते. कागदावर हे बरे दिसते. खरी अडचण त्या बारा श्रेयांकांत काय शिकविले जाते ही आहे. इंग्रजी संभाषण, मुलाखतीची तयारी आणि व्यवस्थापनाची तोंडओळख यांतच ते संपले, तर त्याला मानव्यविद्या म्हणणे कठीण आहे. संभाषणकौशल्य नोकरीसाठी लागतेच, विशेषतः उर्दू वा मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना. पण त्यासाठी इतिहास-समाजशास्त्राचे तास खर्ची घालणे हा चुकीचा व्यवहार आहे.

संलग्न महाविद्यालयाला अभ्यासक्रम बदलता येत नाही हे खरे. तथापि अनेक मुस्लिम शिक्षणसंस्था एकाच आवारात कला, विज्ञान, कुठे युनानी वैद्यकही चालवितात. तेथील भूगोल, रसायन व समाजशास्त्राचे अध्यापक अभियांत्रिकीच्या वर्गावर आणण्यास विद्यापीठाची परवानगी लागत नाही. वेळापत्रक जुळविले म्हणजे पुरे. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या एका गटाने सुटीत परसवाड्यातील दोन-तीन गावांत जावे, प्रत्येक हातपंपाचे फ्लोराइड मोजावे, भोकाची खोली नोंदवावी आणि पाणी भरणाऱ्या बायांना विचारावे की हा पंप येण्यापूर्वी पाणी कुठून आणत होता.