संशोधनाचा जमाखर्च

मुलीने अथवा मुलाने पीएच.डी.चा विषय काढला की आपल्या व्यापारी घरांतून पहिला प्रश्न येतो, ‘आणखी पाच वर्षे शिकणार, मग कमावणार केव्हा?’ प्रश्न रास्त आहे. म्हणून हिशेबच मांडू. जानेवारी २०२३ पासून नेट परीक्षेतून जेआरएफ मिळवणाऱ्यास दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि प्रगती समाधानकारक असल्यास पुढील तीन वर्षे ४२,००० रुपये मिळतात. पाच वर्षांची बेरीज २४ लाख होते.

कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ आहेच. मुंबईची आयआयटीही वर्षातून दोनदा पीएच.डी.चे प्रवेश देते. मात्र जाहिरात करारपत्रासारखी वाचावी. प्रकल्पावरील नेमणूक प्रकल्पाबरोबर संपते. ती मिळाली म्हणजे पीएच.डी.ची नोंदणी झाली, असे नव्हे. मुदत, नोंदणी आणि मार्गदर्शक या तीन गोष्टी आधी विचाराव्यात.

अहमदाबादच्या गिरणीमालक जैन घराण्यातील विक्रम साराभाई १९४७ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. घेऊन परतले आणि त्याच वर्षी त्यांनी भौतिक संशोधन प्रयोगशाळा स्थापन केली. पेढी सांभाळणारे घरात असताना, ज्याला खरी ओढ आहे त्याला केवळ उत्पन्नाच्या धास्तीने अडवू नये.