सेंट टॉमस मौंटवरील क्रूस

तमिळनाडूतील एक प्राचीन ख्रिस्ती शिलाशिल्प. चेन्नईच्या नैर्ऋत्येस असलेल्या सेंट टॉमस मौंट (तमिळ नाव परंगी मलै) या टेकडीवरील चर्चमध्ये, वेदीच्या मागील भिंतीत ते बसविलेले आहे. टेकडीवरील जुन्या अवशेषांत खोदकाम करताना १५४७ मध्ये पोर्तुगीजांना ही शिला सापडली. पायऱ्यांच्या चौथऱ्यावर उभा, टोकांशी कळीसारखा उमललेला क्रूस तिच्यावर उठावात कोरलेला असून माथ्यावर झेपावणारे कबूतर, तळाशी पर्णाकृती व दोन्ही बाजूंस स्तंभ आहेत. स्तंभांवरील मकरमुखांतून निघालेल्या कमानीवर लेख खोदलेला आहे. क्रूसावर ख्रिस्तमूर्ती नाही.

हा क्रूस येशूचा शिष्य संत टॉमस याने स्वहस्ते कोरला आणि त्याच्यासमोर प्रार्थना करीत असतानाच इ. स. ७२ मध्ये भाल्याच्या आघाताने त्यास हौतात्म्य आले, अशी परंपरागत श्रद्धा आहे. शिलेवरील तांबूस डाग हे त्याचेच रक्त मानले गेले. १८ डिसेंबर १५५८ रोजी उपासना चालू असता क्रूसाचा रंग पालटून त्यातून रक्तमिश्रित घाम पाझरला व पुढे १७०४ पर्यंत असे अनेकदा घडले, असे सांगतात.

लेखाची लिपी अपरिचित असल्याने या कथांना बळ मिळाले. सोळाव्या शतकात एका ब्राह्मण पंडिताकडून त्याचे वाचन करवून घेण्यात आले. त्याने प्रत्येक अक्षरास अनेक शब्दांचा अर्थ देऊन त्यातून टॉमसचे संपूर्ण चरित्रच काढले. १८७३ मध्ये ए. सी. बर्नेल यांनी ही लिपी पेहलवी असल्याचे दाखविले. लेखातील व्यक्तिनामांच्या वाचनाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. तथापि चहारबुख्ताच्या कुळातील एका व्यक्तीवर ख्रिस्ताने दया करावी, अशी ती प्रार्थना आहे, असे सामान्यतः मानतात. त्यात टॉमसचा उल्लेख नाही. अक्षरवळणावरून शिलेचा काळ सातवे ते नववे शतक असा अंदाजला जातो.

दंतकथा बाजूस सारली, तरी शिल्पाचे महत्त्व उणावत नाही. पोर्तुगीजांच्या आगमनापूर्वी कित्येक शतके पर्शियाशी संबंधित ख्रिस्ती समाज भारतात नांदत होता, याचा हा शिलारूप पुरावा होय. कोट्टयमच्या वलिय पळ्ळीतील क्रूसावर हाच लेख आहे; गोव्यात आगशी येथेही २००१ मध्ये पेहलवी लेखयुक्त क्रूस आढळला. सहाव्या शतकात कॉझ्मसने ‘कल्लिआना’ (बहुधा कल्याण) येथे पर्शियातून नेमलेल्या बिशपचा उल्लेख केला आहे. पोर्तुगीजांनी या क्रूसाची भक्तिभावाने पूजा केली. पण ज्या पौर्वात्य पंथाने तो निर्माण केला, त्याची शिकवण १५९९ च्या उदयंपेरूर धर्मसभेत पाखंडी ठरविली व त्याचे अनेक ग्रंथ नष्ट करविले. त्यामुळे या समाजाच्या प्राचीन इतिहासासाठी अभ्यासकांना अशा कोरीव लेखांवरच बव्हंशी विसंबावे लागते.